तहकूब न होणारी सभा

ग्रामसभा हा लोकशाहीचा पाया आहे, असं पंचायतीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहिलेलं असतं आणि त्याच भिंतीला टेकून चार माणसं पत्ते पिसत असतात. कायद्याप्रमाणे ही सभा वर्षातून किमान चारदा भरवावी लागते. तिला गणपूर्ती लागते: गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतला जो आकडा लहान असेल तो. १९५८ सालचा ग्रामपंचायत अधिनियम ज्यांनी लिहिला त्यांनी गाव नक्कीच पाहिलं असावं, कारण पळवाटही त्यांनीच ठेवली. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा बोलावली, की तिला गणपूर्तीची अट राहत नाही. तेव्हा पहिली सभा तहकूब होण्यासाठी बोलवायची आणि दुसरी सरपंच, सचिव अन् शिपाई यांनी चहा पिऊन पार पाडायची, अशी वहिवाट पडली. त्यात एक सभा १ मेला. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो. अशा उन्हात लोकशाहीचा पाया भरायला कोण येईल बावा? उरलेल्या सह्या शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरून आणतो. आता ह्याच गावात रात्री नाटक आहे असं भोंग्यावरून एकदा सांगू द्या. नऊचं नाटक साडेदहाच्या आत सुरू होत नाही हे लहान पोट्ट्यालाही ठाऊक असतं, तरी संध्याकाळी सातपासून बारदानं टाकून जागा अडवल्या जातात. म्हातारी माणसं रग घेऊन येतात, बायका तान्ही पोरं घेऊन येतात, बाजूच्या दोन खेड्यांतली माणसं बोलावल्याशिवाय येतात. माझं म्हणणं एवढंच की गावच्या नाटकाला आपण उगाच कलेच्या खात्यात टाकलं आणि मग त्याला कमी मार्क दिले. ते सभेच्या खात्यातलं आहे. अमरावती-अकोल्याकडच्या गावाची खरी ग्रामसभा नाटकाच्या रात्री भरते आणि पहाटेपर्यंत तहकूब होत नाही.

तिचं कामकाज सुरू होतं दीड महिना आधी, पात्रवाटपापासून. शहरातला दिग्दर्शक म्हणे चेहरा, आवाज आणि अंगकाठी बघून भूमिका देतो. गावात हे निकष चालत नाहीत. राजाचा पार्ट कोणाला द्यायचा, हे ठरवताना त्याची वर्गणी किती, त्याच्या भावकीत घरं किती, मागच्या निवडणुकीत तो कोणत्या पॅनलमध्ये होता आणि स्टेजच्या पाट्या आणायला त्याचं ट्रॅक्टर मिळेल का, इतक्या गोष्टी पाहाव्या लागतात. पडलेल्या उमेदवाराला बहुधा राजा करतात. निवडून आलेल्याला करत नाहीत, कारण त्याला तो पार्ट पाच वर्षांसाठी आधीच मिळालेला असतो. दुसऱ्या पॅनलच्या म्होरक्याला सेनापती केलं की दोन्ही बाजू खूश राहतात, पहिल्या अंकात तो राजापुढे वाकतो आणि तिसऱ्या अंकात त्याला कैद करतो. बांधावरून बोलणं तुटलेल्या दोन चुलतभावांना राम-लक्ष्मण करायचं, हा तर तालीममास्तरांचा हुकमी डाव. दीड महिना ते दोघे एकमेकांशी नाटकाच्या वहीत असेल तेवढंच बोलतात, पण बोलतात. सरकारनं २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढली, समित्या नेमल्या, बक्षिसं ठेवली. गावच्या नाटकवाल्यांनी हे काम त्याआधी कित्येक वर्षं बिनपगारी केलं होतं, फरक इतकाच की त्यांच्या स्वतःच्या समितीतच तंटे होत. मुद्दा असा की पात्रवाटप ही गावाच्या मानापमानाची फेरवाटणी असते. सालदार स्टेजवर प्रधान होतो आणि ज्याच्या वावरात तो राबतो तो मालक त्याला हात जोडून ‘आज्ञा प्रधानजी’ म्हणतो. सकाळी पुन्हा जो तो आपापल्या जागी जातो, हे खरं. पण मालकानं हात जोडले होते हे हजार माणसांनी पाहिलेलं असतं आणि गावाची स्मरणशक्ती तलाठ्याच्या दप्तरापेक्षा पक्की असते.

प्रत्यक्ष रात्री काय होतं ते पाहा. शहरातला प्रेक्षक नटाला विसरून पात्र पाहतो, आणि तसं झालं की प्रयोग चांगला झाला म्हणतो. गावात नटाला विसरणं शक्यच नसतं, कारण कालच त्याच्याकडून पंप मागून आणलेला असतो. राजा हरिश्चंद्राचा पार्ट रेशन दुकानदाराकडे गेला, तर ‘सत्य’ ह्या शब्दालाच हशा येतो. व्याजानं पैसे देणारा माणूस कर्ण झाला आणि त्यानं कवचकुंडलं काढून दिली, की मागून कोणीतरी विचारतोच, ‘लिहून घेतलं का बे?’ ह्याला सरकारी भाषेत सामाजिक अंकेक्षण म्हणतात. रोजगार हमीच्या कामांचं असं अंकेक्षण व्हावं म्हणून माणसं नेमावी लागतात, नमुने भरावे लागतात. इथं ते फुकट होतं, आणि ज्याचं होतं तो तोंडाला रंग लावून स्वतः समोर उभा असतो. तो रागावूही शकत नाही, कारण हसले ते हरिश्चंद्राला हसले.

ह्या सभेचा अर्थसंकल्पही उघड्यावर मांडला जातो. द्रौपदीचं वस्त्रहरण ऐन रंगात आलेलं असताना भोंग्यावरून आवाज येतो, की द्रौपदीच्या कामावर खूश होऊन अमुक पाटलांकडून ५१ रुपये. दुःशासन पदराचं टोक धरून थांबतो, द्रौपदी धावा थांबवून नमस्कार करते, आणि विंगेत उभा असलेला कृष्ण साड्या सांभाळत आणखी कोणी देतं का याची वाट पाहतो. देतात. पाटलांनी ५१ दिले म्हटल्यावर त्यांच्या विरोधकाला १०१ देण्यावाचून गती नसते, आणि ते तो द्रौपदीला न देता दुःशासनाला देतो, म्हणजे मेसेज बरोबर पोचतो. समीक्षकांना ह्यात रसभंग दिसतो. दिसो. कोण कोणाच्या बाजूचा, कोणाकडे यंदा पैसा आहे, कोणी मागच्या वर्षी दिले होते आणि यंदा कापूस घरात पडून असल्यामुळे गप्प बसला, हे गावाला एका रात्रीत कळतं. महाभारतातल्या त्या सभेतही जाणती माणसं गप्प बसली होती. निदान त्यांची नावं कोणी भोंग्यावरून वाचली नव्हती.

लेडीज पार्टचा विषय टाळून चालणार नाही. गावच्या स्टेजवर सीता, तारामती, द्रौपदी ह्या सगळ्या कैक वर्षं मिशा काढलेल्या पुरुषांनी केल्या. दंडार ह्या लोकनाट्यातही नाचणारे पुरुषच. ह्यावर आज आपण हसतो. पण महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत महिलांना ५० टक्के जागा मिळाल्या आणि गावोगाव सरपंचपती नावाचं पात्र जन्माला आलं. सही बाईंची, खुर्चीवर भाऊ. बैठकीला भाऊ, सत्काराला भाऊ, साहेब आले की हार घेऊन भाऊ, आणि बाई घरी स्वयंपाकाला. म्हणजे बाईच्या भूमिकेत पुरुष उभा करण्याची परंपरा बुडालेली नाही, तिनं फक्त जागा बदलली. स्टेजवर बाईचं काम करणारा पुरुष निदान मिशा काढत होता.

नाटक आणि सभा हा संबंध मी ओढूनताणून जोडतो आहे असं वाटत असेल, तर वऱ्हाडाचा इतिहास काढा. मराठी नाट्यसंमेलनाचं पहिलं अधिवेशन १९०५ साली मुंबईला झालं. नाटकं मुंबई-पुण्याला, नट तिकडे, कंपन्या तिकडे. अध्यक्ष मात्र अमरावतीहून गेले. दादासाहेब खापर्डे. त्यांची ख्याती होती वकिलीची, टिळकांच्या बाजूनं उभं राहण्याची आणि सभा जिंकण्याची. म्हणजे नाटकवाल्यांच्या पहिल्याच सभेला आपल्या मधोमध कोणी बसवावं असं वाटलं, तर सभा चालवणारा माणूस. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोदला वकिली करत नाटकं लिहिली, आणि ‘सुदाम्याचे पोहे’ लिहून मराठी विनोदाला शिस्त लावली. अमरावतीचे वीर वामनराव जोशी ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ आणि ‘रणदुंदुभि’चे नाटककार म्हणून प्रसिद्ध, पण व्यासपीठावर बोलले की सरकारला तेही नाटकाइतकंच झोंबायचं. ह्या लोकांनी नाटक आणि भाषण ह्यांच्यामध्ये फार मोठी भिंत बांधली नाही. आणि ज्यांनी नाटक हा शब्दही उच्चारला नाही त्या गाडगेबाबांकडे पाहा. १८७६ साली अमरावती जिल्ह्यात जन्मलेला हा माणूस दिवसा खराट्यानं गाव झाडायचा आणि रात्री त्याच जागेवर कीर्तनाला उभा राहायचा. कीर्तनात ते प्रश्न विचारीत, उत्तरं लोक देत. कर्ज काढून सण करावा का? देवाला कोंबडं लागतं का? हजार माणसं एका तोंडानं उत्तर द्यायची, आणि ज्यानं आदल्या आठवड्यात नवस फेडला होता तोही त्यांत असायचा. संवाद प्रेक्षकांच्या तोंडी, चूक प्रेक्षकांच्या घरची. एवढी उपस्थिती आणि एवढं थेट कामकाज कोणत्या ग्रामसभेच्या नशिबी आलं? शिवाय दरवर्षी पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या म्हटल्या जातात. त्यांत कापसाचा भाव येतो, पुढारी येतो, सोसायटीचा चेअरमन येतो. यमकात बसला तर जावईही सुटत नाही. चेअरमन समोर असतो, टाळ्याही वाजवतो. हेच तो सर्वसाधारण सभेत ऐकून घेईल का?

आता आक्षेप. पहिला असा की हे सगळं ठीक, पण नाटक म्हणून त्यात असतं काय? नट वाक्यं विसरतात, मास्तरांचा आवाज नटाच्या आधी मागच्या रांगेपर्यंत जातो, मिशी गळते, आकाशवाणी माइक बंद पडल्यामुळे होत नाही. कबूल. उत्तम नाटकासाठी राज्य नाट्य स्पर्धा आहे, १९५४ पासून आहे, आणि अमरावती-अकोल्याची हौशी मंडळी ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवनात नाहीतर प्रमिलाताई ओक सभागृहात जीव ओतून प्रयोग करतात. त्यांच्या मेहनतीला नमस्कार. पण तिथलं चित्र डोळ्यांपुढे आणा. तीन परीक्षक, त्यांच्या टेबलावर एक छोटा दिवा, मागं उद्या ज्यांचा प्रयोग आहे त्या संघाची माणसं, आणि परवा ज्यांचा झाला त्यांतली दोन, चुका मोजायला आलेली. ते नाटक कलेसाठी आहे आणि त्यानं कलेचीच काळजी करावी. गावच्या नाटकाला ती मोजपट्टी लावण्यात अर्थ नाही. मी तर म्हणेन गावच्या नाटकाला फार चांगला अभिनय परवडतच नाही. रेशनवाल्यानं हरिश्चंद्र इतका हुबेहूब केला की लोकांना त्याचं दुकान आठवेना, तर सगळी सभाच निष्फळ गेली. थोडं कच्चं काम हवं. अंगरख्याखालून रोजचं धोतर दिसत राहिलं पाहिजे.

दुसरा आक्षेप खरा आहे आणि त्याला हसून उत्तर देता येत नाही. गावाची सभा म्हणता, पण त्या सभेत सगळं गाव होतं का? नव्हतं. मारुतीच्या पारासमोर जे नाटक व्हायचं तिथं बसायच्या जागा जातीनं ठरलेल्या असत. वेशीबाहेरच्या वस्तीनं वाजंत्री पुरवावी, पार्ट मागू नये, असा अलिखित नियम होता. ह्या बाबतीत नाटक ग्रामसभेपेक्षा चांगलं नव्हतं. म्हणून ज्यांना पार्ट मिळाला नाही त्यांनी आपले जलसे उभे केले, सत्यशोधकांनी केले, आंबेडकरी चळवळीनं केले, आणि त्यांत तर मुळातच सभा होती, नाटक हे निमित्त. १९२७ च्या नोव्हेंबरात अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिर-प्रवेशाचा प्रश्न पेटला होता. देवळाचे दरवाजे बंद होते. १३ नोव्हेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली ती इंद्रभुवन थिएटरात. देवळात शिरायला बंदी होती त्या शहरात माणसांना माणूस म्हणून एकत्र बसायला जागा मिळाली ती नाटकगृहात. त्यातून नाटकवाल्यांची जातपात सुटली होती असं सिद्ध होत नाही. एवढंच दिसतं की पडदा-खुर्च्यांची जागा देवळापेक्षा लवकर सगळ्यांची होऊ शकते, आणि पारासमोरच्या स्टेजनं ती शक्यता फार वर्षं वाया घालवली.

तिसरा आक्षेप नेहमीचा: टीव्ही आणि मोबाइल आले, नाटक मेलं. भारत गणेशपुरेंनी वऱ्हाडी बोली टीव्हीवरून घरोघर नेली, मिर्झा रफी अहमद बेग ह्यांनी ‘मिर्झा एक्स्प्रेस’ घेऊन कितीतरी गावं हसवली, आता कशाला पाहिजे रात्रभर जागरण? पण टीव्हीवरचा वऱ्हाडी माणूस आपल्याला उत्तर देत नाही. मिर्झाजींना लोक समोरून उत्तर देत, म्हणून त्यांच्या कार्यक्रमाला गर्दी होई. २०२४ साली ते गेल्यावर हळहळली ती ह्याच गर्दीतली माणसं. आणि नाटक मेलं म्हणता, तर भागवत सप्ताहात सहाव्या दिवशी काय चालतं? रुक्मिणी स्वयंवर. मंडपात अंतरपाट धरला जातो, गावातली दोन पोरं मुकुट घालून उभी राहतात, अक्षता वाटल्या जातात, आहेर होतो, पंगत उठते. शिवाय वऱ्हाडात ह्या प्रसंगाला वेगळीच धार असते, कारण रुक्मिणीचं माहेर कौंडण्यपूर अमरावती जिल्ह्यातच, वर्धेच्या काठी, आणि कृष्णानं तिला नेलं ते अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून अशी इथली श्रद्धा. म्हणजे अख्खा प्रेक्षकवर्ग मुलीकडचा. आपल्या गावची पोरगी पळून गेली तर कुऱ्हाडी काढणारी मंडळी इथं पळवून नेणाऱ्याला टॉवेल-टोपीचा आहेर करतात आणि पळून जाणारीच्या पाया पडतात. हा ठराव तहकूब करायचं कोणाच्या मनातही येत नाही. पूर्वेकडे झाडीपट्टीनं तर नाटकाचा धंदाच केला. वडशाला कंपन्यांची कार्यालयं, दिवाळीपासून होळीपर्यंत रात्ररात्र तिकिटाचे खेळ, आणि त्या रंगभूमीच्या परशुराम खुणे ह्यांना २०२३ साली पद्मश्री. वऱ्हाडाला ते जमलं नाही ह्याची खंत अनेकांना आहे, थोडी मलाही आहे. पण तिकीट काढलेल्या प्रेक्षकाला मध्येच उठून बोलायचा अधिकार राहत नाही, आणि तो सोडायला वऱ्हाडी माणूस सहजासहजी तयार होईल असं वाटत नाही.

राहता राहिला पैसा. ज्या विभागाचं नाव शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत सतत येतं तिथं नाटकाची कसली चैन, असं विचारणारे बरेचदा शहरात राहतात आणि आठवड्याला एक सिनेमा बघतात. नाटकानं कापसाचा भाव वाढत नाही, तो ग्रामसभेच्या ठरावानंही वाढलेला नाही. पण वर्ध्याकडे हरीश इथापे ह्यांनी श्याम पेठकरांचं ‘तेरवं’ उभं केलं तेव्हा स्टेजवर होत्या त्या आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरच्या बाया, आपलं स्वतःचं सांगणाऱ्या. तहसील कचेरीत त्यांनी तेच सांगितलं असतं तर अर्जाला क्रमांक पडला असता. इथं समोरची माणसं उठून गेली नाहीत. आणि खर्चाचं म्हणाल, तर गावातल्या एका लग्नाचा डीजे सगळ्या नाटकाची वर्गणी गिळून टाकतो.

शिवाय वर्गणी पूर्ण संपत नाही, हाही अनुभव गावोगावचा. शेवटी हिशेबाची बैठक बसते, थोडे पैसे उरलेले निघतात, ते कोणाकडे ठेवावे ह्यावर तीन तास जातात, आणि कोणाकडेच नको म्हणून त्यांची एक मोठी सतरंजी घेतात. सतरंजी सगळ्या गावाची. ती बारशाला जाते, दहाव्याला जाते, पुढाऱ्याच्या सभेला जाते, एखाद्या वेळी तुरीवर पाऊस आला तर तिकडेही जाते. सध्या ती कोणाच्या माळ्यावर आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे. मागायला कोणी जायचं, यावर बोलणी सुरू आहेत.